जुलाबाचं काहीतरी द्या: तालुक्यातल्या औषध दुकानदारांना खुलं पत्र

तालुक्यातल्या सर्व औषध दुकानदार बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

कारखान्याचा बॉयलर पेटला की माझ्या दवाखान्यातलं खरं वर्ष सुरू होतं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, माळावर त्यांच्या राहायच्या कोप्या उभ्या राहतात आणि डिसेंबर उजाडला की रस्त्यावर उसाच्या गाड्यांची आणि माझ्या दारात उलट्या-जुलाबाच्या बाळांची रांग लागते. जुलाब म्हणजे पावसाळा आणि गढूळ पाणी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की थंडीत बाळाला ढाळ लागले तर घरचे म्हणतात, दात येत असतील. नाहीतर आईनं काहीतरी खाल्लं असेल. प्रत्यक्षात तान्ह्या मुलांना आडवं करणारा रोटा विषाणू आपल्याकडे जोर धरतो तो थंडीतच. म्हणून हे पत्र आत्ता, हंगामाच्या तोंडावर.

गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी टोळीतली एक बाई नऊ महिन्यांची मुलगी घेऊन आली. पोरीनं मान टाकली होती. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, टाळू बसलेली, आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. लघवी कधी झाली ते आईला आठवेना. नवऱ्याच्या हातात एक कॅरीबॅग होती, ती मी टेबलावर पालथी केली. अँटिबायोटिकची अर्धी संपलेली बाटली. मोठ्या माणसांच्या, जुलाब थांबवायच्या गोळ्यांची कापलेली पट्टी. आणि सफरचंदाचं चित्र असलेले तीन टेट्रापॅक. मी विचारायच्या आत आईच म्हणाली, "ओआरयस दिलंय की म्याडम, तीन दिस झालं. मेडिकलवाल्या दादानंच दिलंय."

मुलगी वाचली. शीर सापडेना म्हणून नडगीच्या हाडातून सलाईन द्यावं लागलं आणि दोन रात्री गेल्या. दुकान कोणतं हे मी तेव्हा विचारलं नाही, आजही मला ते जाणून घ्यायचं नाही. ती कॅरीबॅग या तालुक्यातल्या कुठल्याही दुकानातून निघू शकली असती, आणि तिच्यातला निम्मा ऐवज माझ्याच एखाद्या व्यवसायबंधूच्या चिठ्ठीवरूनही.

तुम्हालाच का लिहितेय, असं वाटेल. कोप्यांपासून माझा दवाखाना अकरा किलोमीटर आहे, तुमचं दुकान फाट्यावर आहे. ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा एक दिवस बुडाला की मुकादम खाडा लावतो. त्यामुळे ती बाई आधी तुमच्याकडेच येणार, रात्री आठ वाजता, पोर काखेला मारून, आणि म्हणणार, "जुलाबाचं काहीतरी द्या." त्यानंतरचं अर्धं मिनिट तुमच्या हातात असतं. माझं सगळं म्हणणं त्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

आधी हा आजार नेमका काय करतो ते सांगते, कारण ते कळलं की कुठली बाटली शेल्फवरून काढायची आणि कुठली तिथंच ठेवायची हे मला वेगळं सांगावं लागणार नाही.

रोटा विषाणू पहिल्यांदा दिसला १९७३ साली, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर आत चाकासारखे गोल कण. लॅटिनमध्ये चाकाला रोटा म्हणतात, तेच नाव पडलं. त्याच्या एकच वर्ष आधी अमेरिकेत नोरो विषाणूची ओळख पटली होती, तीही एका शाळेत मुलांना लागलेल्या उलट्यांच्या साथीतून. ॲस्ट्रो, सॅपो, आतड्यातले ॲडिनो अशी आणखी भावंडं आहेत. नावं पाठ करायची गरज नाही. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: यांच्यावर कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं. हे जिवाणू नव्हेत.

आतड्याचं आतलं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक लवांनी भरलेलं. पाणी, साखर, मीठ शोषून घ्यायचं काम या लवांच्या टोकाकडच्या पेशी करतात. रोटा नेमका त्याच पेशींत शिरतो आणि त्यांना मारतो. टॉवेल जागोजागी झिजतो आणि पाणी शोषलं न जाता खाली वाहून जातं. सात किलोच्या बाळाच्या अंगातून सातशे मिली पाणी गेलं की ते मरणाच्या दारात उभं असतं, आणि चोवीस तासांत तेवढं जाऊ शकतं. दुसरीकडे आतड्याला स्वतःची डागडुजी करता येते. खालून नव्या पेशी वर सरकतात आणि चार-सहा दिवसांत टॉवेल बऱ्यापैकी भरून येतो. म्हणजे आजार आपला आपण बरा होणारच असतो. आपल्याला फक्त तेवढे दिवस बाळातलं पाणी टिकवायचं असतं. सगळी मेख तिथं आहे.

आणि ते टिकवायचं कसं, तर मीठ आणि साखर ठरावीक मापात. आतड्याच्या पेशींत एक पंप असतो. तो मिठातला सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनं आत ओढतो आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली मांडली. आजारानं झिजलेल्या आतड्यातही यातले बरेच पंप चालू असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ पासून सांगितलेल्या ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, जोडीला पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. या मापात सोडियम आणि ग्लुकोज यांचे कण अगदी बरोबरीनं येतात.

आता सफरचंदाचं चित्र असलेला टेट्रापॅक हातात घ्या आणि मागचा बारीक छापलेला तक्ता वाचा. शंभर मिलीत साखर किती ते बघा आणि दहानं गुणा. ओआरएसच्या कित्येक पट आकडा येईल, आणि सोडियम मात्र पुरेसा नसेल. पंपाला जोडी मिळत नाही, जादा साखर आतड्यात तशीच पडून राहते आणि ती उलट अंगातलं पाणी स्वतःकडे ओढते. म्हणजे ती आई तीन दिवस पदरचे पैसे घालून मुलीचे जुलाब वाढवत होती, आणि तिला वाटत होतं आपण औषध देतोय.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या एकाच गोष्टीसाठी आठ वर्षं भांडल्या. मध्यंतरी नियम असा होता की नावात ओआरएस राहू द्या, फक्त हे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेलं ओआरएस नव्हे असं कुठेतरी छापा. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. कोपीत बसून ते कोण वाचणार? शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं आदेश काढला आणि असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायलाच बंदी केली. तुमच्या शेल्फवर जुना माल पडून असेल तर कंपनीला परत करा. आणि नाव बदलून तेच पेय त्याच रंगाच्या खोक्यात आलं, तर ते फ्रिजमधल्या कोल्ड्रिंकशेजारी ठेवा, ओआरएसच्या पुड्यांशेजारी नको. दुकानात वस्तू कुठं मांडली यावरून गिऱ्हाईक ती काय आहे हे ठरवतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पुडी दिली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. पुड्या दोन मापांच्या येतात, मोठी एक लिटर पाण्यासाठी आणि छोटी दोनशे मिलीसाठी. मोठी पुडी पेल्याभर पाण्यात कालवलेली मी दर हंगामात बघते. त्यानं रक्तातला सोडियम चढतो, मेंदूवर परिणाम होतो, बाळाला झटकेही येऊ शकतात. याच्या उलट, मोठ्या पुडीतलं चमचाभर पेल्यात टाकायचं आणि बाकीची पुडी दुमडून ठेवायची, हेही चालतं. तेही चूकच, कारण सगळी पूड एकसारखी मिसळलेली असेलच असं नाही. कोप्यांवर लिटरचं माप कुठून आणणार? पाण्याची रिकामी बाटली मात्र प्रत्येक कोपीत असते, आणि तिच्यावर एक लिटर असं छापलेलं असतं. "ताई, ही एक पुडी, ही एक भरलेली बाटली, उकळून गार केलेलं पाणी, आणि उद्या या वेळेला उरलेलं सगळं ओतून द्यायचं." एवढं बोलायला दहा सेकंद लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय.

पाजायचं कसं, हेही त्यातच सांगा. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. "पाजलं की ओकतंय" म्हणून बायका पाजायचं थांबवतात, आणि बहुतेक वेळा कारण इतकंच असतं की तहानलेल्या बाळानं वाटी घटाघटा संपवलेली असते. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, घरचं मऊ जेवणही. "दूध बंद करा, भाताची पेज द्या" हा सल्ला काउंटरवरून अजून दिला जातो. कृपा करून तो बंद करा.

बनगावची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पेटला. तिथं कामाला होते डॉ. दिलीप महालनबीस, शिक्षणानं बालरोगतज्ज्ञ. सलाईनचा साठा संपत आला. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याची पूड करून ती ड्रममधल्या पाण्यात मिसळायला लावली, आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवरच सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. आजार कॉलराचा होता, विषाणूचा नव्हे. पण आतड्यातला पंप तोच. तेव्हाच्या मोठ्या मोठ्या डॉक्टरांना हे पटत नव्हतं. शिकलेल्या नर्सशिवाय, मोजमापाशिवाय अडाणी माणसं हे पाजणार कशी? त्यांनी पाजलं. महालनबीसांना २०२३ साली पद्मविभूषण मिळाला तेव्हा ते जाऊन काही महिने झाले होते. बनगावातल्या त्या माणसांच्या जागी मला आपल्या माळावरची टोळीतली बाई दिसते. ती पाजेल. तिच्या हातात योग्य पुडी पडली पाहिजे, एवढंच.

पुडीबरोबर दुसरी एकच गोष्ट द्यायची, झिंकची विरघळणारी गोळी. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात नाहीतर आईच्या दुधात विरघळवून. चौदा दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी चौदा. झिंकनं जुलाबाचे दिवस कमी होतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागायची शक्यताही घटते. मला अजून असा बाप भेटायचाय जो चौदा गोळ्या मोजून घेऊन आलाय. पाच नेतो, कारण पट्टीतून पाच कापून मिळतात. झिंकची पट्टी कापू नका, एवढा एक नियम दुकानात केलात तरी मी तुमची ऋणी राहीन.

राहिली पाठीमागच्या खणातली दोन औषधं. जुलाब थांबवायची गोळी, म्हणजे लोपेरामाइड, लहान मुलाला अजिबात नाही. अर्धी नाही, पाव नाही, मधात उगाळून तर नाहीच. ती आतड्याची हालचाल थांबवते. शी थांबलेली दिसते, पण पाणी आतड्यात साचत राहतं आणि पोट नगाऱ्यासारखं फुगतं. तान्ही मुलं यानं दगावलेली आहेत. दुसरं औषध म्हणजे अँटिबायोटिकची ती बाटली. पट्टीवर, बाटलीवर जी लाल रेघ असते तिचा अर्थ, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हा तुम्हाला मी काय सांगायचा? शीत रक्त असेल तर अँटिबायोटिक लागू शकतं, पण ते ठरवायला बाळ तपासावं लागतं. पाण्यासारख्या जुलाबात ते आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना मारतं, त्यानं जुलाब आणखी लांबूही शकतात, आणि बापाचे दीडशे रुपये जातात.

इथं मला माझ्याही बाजूचं पाप कबूल करायला हवं. प्रॅक्टिसच्या पहिल्या तीन-चार वर्षांत मीही ती बाटली लिहायचे. "डॉक्टरीणबाईंनी नुसतं मीठ-साखरेचं पाणी दिलं" असं गावात झालं तर पुढचा पेशंट येणार नाही, ही भीती. चौथ्या दिवशी बाळ बरं व्हायचं, ते होणारच असायचं, आणि श्रेय बाटलीला जायचं. लोकांना बाटलीची सवय लावली ती आम्ही डॉक्टरांनीच. तुमच्याकडे ती मागणी नंतर आली. तुमचं गणितही मला कळतं. वीस-बावीस रुपयांच्या पुडीत तुम्हाला सुटतं काय, आणि आशाताई तीच पुडी फुकट देते. पण बाटली दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, ही भीती एकेकट्यानं बाळगली तर खरीच ठरणार. सगळ्यांनी मिळून ठरवलंत तर शेजारच्या दुकानातही तेच उत्तर मिळेल. म्हणून मी एकेकाला न गाठता हे पत्र सगळ्यांना लिहिलंय.

लसीबद्दलही थोडं बोलते, कारण ती आपल्या मातीतली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९८५-८६ च्या सुमारास काही नवजात बाळांच्या शीत रोटाचा असा वाण सापडला, की बाळं मात्र ठणठणीत होती. त्या वाणापासून डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून रोटावॅक ही लस उभी राहिली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू परिसरात झाली, ६,७९९ बाळांवर. दुसरी लस, रोटासिल, पुण्यातच बनते. लस येण्याआधी आपल्या देशात रोटामुळे वर्षाला सुमारे ७८ हजार मुलं मरत असत असा अंदाज होता. महाराष्ट्रात ही लस २०१९ पासून सरकारी लसीकरणात फुकट मिळते, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, तोंडावाटे. ती सगळे जुलाब थांबवत नाही. नोरोवर तिचा काही उपयोग नाही, आणि गंभीर रोटाही चाचणीत साधारण निम्म्याहून थोडा जास्त कमी झाला. तरी माझ्या वॉर्डातला डिसेंबर पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे मी डोळ्यांनी बघते.

टोळीतल्या बाळांचं मात्र वेगळं आहे. बाळंतपण बीडकडे, सहावा आठवडा गाडीत, दहावा आमच्या माळावर, आणि लसीचं कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत. पहिला डोस वर्षाच्या आत सुरू करता येतो आणि कुठल्याही उपकेंद्रात मिळतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पुडी बांधता बांधता "पोलिओबरोबर तोंडातली दुसरी लस दिली का हो?" एवढं विचारलंत, तर बाकीचं आमची नर्स बघेल.

सॅनिटायझरच्या बाटल्या कोरोनापासून तुमच्या काउंटरवर आहेतच. नोरोला त्याचं फारसं काही वाटत नाही. बाळाची शी धुतल्यावर साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आजारी बाळाच्या ग्रॅमभर शीत विषाणूचे शंभर कोटींहून जास्त कण असतात आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला शंभरसुद्धा पुरतात. दहा रुपयांची साबणाची वडी विका.

पुडी-गोळी देऊन घरी न धाडता सरळ माझ्याकडे, नाहीतर ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं ते कोणाला? दोन महिन्यांच्या आतलं कुठलंही बाळ. शीत रक्त. पाजलेलं सगळं ओकणारं. सहा तासांत लघवी न झालेलं. डोळे खोल गेलेलं. आणि जे रडत नाही, नुसतं पडून आहे ते. कण्हणाऱ्या बाळापेक्षा गप्प बाळाची मला जास्त भीती वाटते. आजी बरोबर असेल तर तिला विचारा, टाळू बसलीय का. आज्यांचं हे निदान क्वचितच चुकतं. टाळू तेलानं भरत नाही, पाण्यानं भरते, एवढंच त्यांना सांगायचं राहिलेलं असतं. वाटेत पाजायला ओआरएस मात्र बरोबर द्या. रात्री कितीही वाजता पाठवा, मी उठेन.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता, तुमची दुकानं बंद असतात तेव्हा, माझ्या दवाखान्यात या. भाषण नाही. बाजारात मिळणाऱ्या सगळ्या पुड्या, सगळे टेट्रापॅक आणि झिंकच्या गोळ्या टेबलावर मांडते. एकेक पुडी आपण स्वतः कालवू आणि पिऊन बघू. माझा अंदाज आहे, आपल्यापैकी निम्म्यांनी ओआरएसची चव कधी घेतलेलीच नाही. चहा माझ्याकडे. एक लिटरची बाटली ज्यानं त्यानं आपली आणावी.

आपली,
तालुक्यातली एक बालरोगतज्ज्ञ